नफा कागदावर, पगार ओव्हरड्राफ्टवर

प्रश्न: माझा पॅकिंगचे खोके बनवण्याचा कारखाना आहे. उत्पादन आणि विक्री मी बघतो. हिशेबाचं सगळं आमचे जुने अकाउंटंट सांभाळतात. माणूस सज्जन, कामाचा पक्का, वर्षानुवर्षं रजासुद्धा घेत नाहीत. वर्षअखेरीला ऑडिटर येऊन जातात, मी सह्या करतो. गेल्या वर्षी विक्री दीडपट झाली आणि नफा-तोटा पत्रकात नफाही चांगला दिसतोय. तरी गेले पाच महिने पगार ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे बँकेच्या उधारीवर, होतायत. त्यात मागच्या आठवड्यात कागद पुरवणाऱ्यांचा फोन आला की एक बिल तीन महिन्यांपासून थकलंय. आमच्या वहीत ते चुकतं केल्याची नोंद आहे. अकाउंटंटना विचारलं तर “बघतो साहेब, टायमिंगचा प्रश्न असेल” म्हणाले. जास्त खोलात शिरलो तर त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल. आणि खरं सांगायचं तर आकड्यांत मला गती नाही. मालकानं यात किती लक्ष घालावं?
– एक कारखानदार

उत्तर: तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. नफा आहे पण पैसा नाही, हा पहिला. वहीत चुकतं झालेलं बिल प्रत्यक्षात थकलंय, हा दुसरा. पहिल्याचं कारण बहुधा साधं आहे आणि त्यात कुणाचाच दोष नसेल. दुसऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही, म्हणून ते याच आठवड्यात तपासा.

आधी पहिला प्रश्न. समजा, महिन्याला १०० ची विक्री आहे, त्यात ७० चा माल जातो आणि पगार-भाडं-वीज वजा जाता १० नफा उरतो. कागद गोदामात आल्यापासून खोका विकला जाईपर्यंत ३० दिवस जातात. गिऱ्हाईक विक्रीनंतर ६० दिवसांनी पैसे देतं. पुरवठादाराला तुम्ही १५ दिवसांत देता. म्हणजे ३० अधिक ६० वजा १५, असे ७५ दिवस तुमचा पैसा अडकलेला असतो. महिन्याला ७० या हिशेबानं अडीच महिन्यांचे १७५ झाले. आता विक्री १५० वर गेली. माल १०५ चा लागतो आणि अडकलेली रक्कम होते साधारण २६२. मधले ८७ कुठून आणायचे? महिन्याचा नफा १५ धरला तरी हे जवळपास सहा महिन्यांच्या नफ्याइतकं झालं. तेवढा काळ वाढीचा सगळा पैसा गोदामात आणि गिऱ्हाइकांच्या खिशात राहणार. त्यात मोठ्या गिऱ्हाइकानं ६० चे ७५ दिवस केले की आणखी ५२ अडकले. पगार ओव्हरड्राफ्टवर जायला एवढं पुरेसं आहे. चोरीची गरजच नाही.

शिवाय नफा-तोटा पत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी खात्यातून पैसे नेतच असतात. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तिथे दिसतं, मुद्दल दिसत नाही. यंत्राची पूर्ण किंमत आज जाते, खर्चात मात्र घसारा म्हणून वर्षानुवर्षं थोडीथोडी येते. तुम्ही घरखर्चासाठी केलेली उचल तिथे नसतेच. उलट न खपलेला माल आणि न येणारी येणी यांच्यामुळे नफा फुगलेला दिसू शकतो. दोन वर्षं पडून असलेला, माप बदलल्यामुळे आता कुणालाच नको असलेला स्टॉक वहीत पूर्ण किमतीनं बसला असेल, तर तुमच्या नफ्यातला तेवढा भाग निव्वळ कागदी आहे. गोदामात स्वतः चक्कर मारून कोणत्या गठ्ठ्यांवर धूळ साचलीय ते बघा. तुमच्याइतकं ते अकाउंटंटना कळणार नाही.

आता ते बिल. पाच कागद टेबलावर मागवा: खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती, पुरवठादाराचं बिल, तुमच्या वहीतली पेमेंटची नोंद आणि बँक स्टेटमेंटमधली त्या पेमेंटची ओळ. पहिले चार कागद मिळतील. पाचवा मिळतो का, हा खरा प्रश्न. तो बघायला स्टेटमेंट बँकेच्या साइटवरून स्वतःच्या लॉगिननं उतरवा. कुणी एक्सेलमध्ये करून दिलेलं घेऊ नका.

बँकेत ओळच नसेल, किंवा पैसे जाऊन परत आलेले दिसले, तर दोन शक्यता जास्त. पैशाची चणचण असली की काही ठिकाणी चेक लिहितात, वहीत नोंद करतात आणि चेक खणात ठेवून देतात. देणी कमी दिसतात, मालक खूश राहतो आणि पुरवठादार वाट बघत बसतो. किंवा ऑनलाइन पेमेंट खाते क्रमांक चुकल्यानं परत आलं आणि परत आल्याची नोंद त्या पुरवठादाराच्या नावावर कुणी केलीच नाही. या दुसऱ्या प्रकारात बँकेत पैसे गेल्याच्या ओळीनंतर एक जमेची ओळ दिसेल, आणि वहीत ती रक्कम ‘सस्पेन्स’ खात्यात (कशाची ते न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात) पडलेली सापडेल. ओळ असेल आणि पैसे गेलेही असतील, तर ते कुणाच्या खात्यात गेले ते बघा. खाते क्रमांक पुरवठादाराच्या बिलावरच्या क्रमांकाशी आकडा न् आकडा जुळवा. नुसतं नाव जुळून भागत नाही. तोही जुळला तर चूक पुरवठादाराकडे असू शकते. पेमेंट दुसऱ्याच बिलापोटी जमा झालं असेल, किंवा खराब मालापोटी तुम्ही कापलेली रक्कम त्यांनी मान्य केली नसेल.

खणातला चेक पकडायचा कागद म्हणजे बँक रेको (रिकन्सिलिएशन), बँकेतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक यांचा मेळ घालणारा. तो दिसतो असा: बँकेप्रमाणे शिल्लक ८,४०,०००, भरलेले पण न वटलेले चेक अधिक १,१०,०००, दिलेले पण बँकेत न आलेले चेक वजा ३,७५,०००, वहीप्रमाणे शिल्लक ५,७५,०००. बेरीज जुळली म्हणून रेको बरोबर आहे असं समजू नका. ३,७५,००० खालची यादी मागा आणि प्रत्येक चेकची तारीख वाचा. आठ-दहा दिवसांपूर्वीचा चेक असेल तर ठीक. तीन महिन्यांपूर्वीचा असेल, तर तो बहुधा पुरवठादाराच्या हातात पडलेलाच नाही. तसंच १,१०,००० मध्ये महिना उलटलेला चेक असेल, तर तो बहुधा परत आलाय आणि कुणी बोलत नाहीये. अकाउंटंट म्हणतात तो ‘टायमिंगचा प्रश्न’ खरा आहे की नाही, ते या दोन याद्यांवरून दहा मिनिटांत कळतं. रेको महिनोन्‌महिने झालीच नसेल, तर तेही उत्तरच आहे.

ऑडिटर दरवर्षी येतात, मग हे त्यांना दिसलं नसतं का? ऑडिटर नमुन्यादाखल नोंदी तपासतात आणि ताळेबंद एकंदरीत खरं चित्र दाखवतो का यावर मत देतात. ते चोर पकडायला येत नाहीत, आणि तुमच्या पगाराच्या तारखेशी त्यांचा संबंधही नसतो. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स, म्हणजे अफरातफर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात, उघडकीला आलेल्या प्रकरणांपैकी बाहेरच्या ऑडिटमुळे कळलेली फक्त ३ टक्के आहेत. ४३ टक्के कुणीतरी माहिती दिल्यामुळे कळली. तुम्हाला पुरवठादाराचा फोन आला, तो अशाच माहितीत मोडतो. टाळू नका.

अमेरिकेत हेडफोन बनवणाऱ्या कॉस कॉर्पोरेशनमध्ये नेमकं हेच झालं. कंपनी कुटुंबाची, मुख्याधिकारी घरातलेच, वित्तप्रमुखाचं पदही त्यांच्याचकडे. रोजचा कारभार मात्र अर्थविभागाच्या उपाध्यक्ष सू सचदेवा बघत. काही वर्षांत त्यांनी ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम वळवली आणि बराचसा पैसा स्वतःच्या क्रेडिट कार्डाची बिलं भरण्यात गेला. कंपनीचं ऑडिट नियमित होत होतं. प्रकरण कळलं ते २००९ च्या डिसेंबरमध्ये, कार्ड कंपनीनं कळवल्यावर. बँकेतून गेलेल्या मोठ्या रकमांची यादी वरच्या माणसानं दर महिन्याला नुसती वाचली असती, तरी ‘हे कार्डाचं बिल कुणाचं?’ असा प्रश्न पडला असता.

म्हणून किती लक्ष घालावं, याचं उत्तर असं. व्हाउचर तुम्ही लिहू नका, नोंदी करू नका, सॉफ्टवेअर शिकत बसू नका. ते अकाउंटंटचं काम आहे आणि त्यात लुडबुड केलीत तर कारखान्याचं नुकसान होईल. पण आठवड्यातला पाऊण तास आणि महिन्यातला अर्धा दिवस तुमचा स्वतःचा असू द्या, आणि तो कुणाला सोपवू नका.

आठवड्याच्या पाऊण तासात एकच तक्ता बघायचा: पुढच्या तेरा आठवड्यांचा रोखीचा अंदाज. आडवे तेरा रकाने. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारी रक्कम गिऱ्हाइकानुसार, मग जाणारी रक्कम: पगार, पुरवठादार, हप्ते, कर, भाडं. शेवटी उरलेली शिल्लक आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा किती शिल्लक आहे ते. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. तिमाहीतून एकदा येणारा मोठा खर्च त्यात सापडतो. हा तक्ता फसतो तो ठरावीक जागी. येणी बिलाच्या मुदतीप्रमाणे मांडली जातात, गिऱ्हाइकाच्या सवयीप्रमाणे नाही. ज्यांनी मागची सहा बिलं ७५ दिवसांनी दिली, त्यांच्यापुढे ७५ च लिहायचे, करारात ३० असले तरी. विमा, बोनस, कराचा हप्ता हे वर्षातून एकदोनदा येणारे खर्च विसरले जातात. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना कुणी करत नाही. ती केलीत तर महिन्या-दीड महिन्यात कुणाच्या शब्दावर किती विसंबायचं ते कळतं. नवव्या आठवड्यात खड्डा दिसला तर बँकेशी आजच बोलता येतं. पगाराच्या आदल्या दिवशी दिसला तर बँक जे म्हणेल ते ऐकावं लागतं.

तक्त्यातली एक रक्कम शिल्लक म्हणून मोजायचीच नाही. गिऱ्हाइकांकडून गोळा केलेला विक्रीवरचा कर (जीएसटी) आणि कामगारांच्या पगारातून कापलेल्या रकमा तुमच्या नसतात. त्या पुढे भरायच्या असतात. टंचाईत पहिला हात तिथेच जातो, आणि मग दंड-व्याजाची भर पडते. कित्येक देशांत त्याची जबाबदारी मालकावर वैयक्तिकरीत्याही येते. जमेल तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा.

महिन्याच्या अर्ध्या दिवसात रेको, येणी-देणी आणि एकूण नफ्याचं प्रमाण (१०० च्या विक्रीत माल आणि थेट मजुरी जाऊन किती उरतात ते) बघा. येण्यांचा रिपोर्ट वयाप्रमाणे मागा: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, ९० च्या वर. शेवटच्या रकान्यातल्या प्रत्येक नावाला तुम्ही स्वतः फोन करा. वसुलीसाठी तर आहेच, पण ‘आम्ही तर मागच्याच महिन्यात दिले’ असं उत्तर आलं, तर ते पैसे कुठे गेले हे शोधायला हवं. अफरातफरीचा एक जुना प्रकार असा असतो: एका गिऱ्हाइकाचे आलेले पैसे खिशात जातात, ते भरून काढायला दुसऱ्याचे पैसे पहिल्याच्या नावावर जमा होतात, मग तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. हे चालू ठेवायला रोज हजर राहावं लागतं. रजा घेतली की उलगडतं.

तुमच्या पत्रातलं ‘रजासुद्धा घेत नाहीत’ हे वाक्य म्हणून खटकलं. त्यावरून तुमचे अकाउंटंट लबाड ठरत नाहीत. बहुतेक वेळा असा माणूस फक्त कामाखाली दबलेला असतो. पण अमेरिकेतल्या डिक्सन या छोट्या शहराच्या तिजोरीतून १९९० पासून ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम नेणाऱ्या रीटा क्रंडवेल यांचा प्रकार २०११ मध्ये कळला, तो त्या लांब रजेवर असताना. त्यांच्या जागी काम बघणाऱ्या सहकारी बाईंनी बँकेकडून सगळी स्टेटमेंट मागवली आणि कुणाला माहीत नसलेलं एक खातं समोर आलं. हिशेब बघणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून सलग दोन आठवडे सक्तीची रजा द्या. त्या काळात त्यांचं काम दुसऱ्यानं करायचं. ते आजारी पडले तर पगार कोण करणार, हा प्रश्नही त्यातच सुटतो.

बाकी कड्या-कुलपं थोडक्यात. नेटबँकिंगमध्ये पेमेंट तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा हवा, आणि मंजुरी तुमची. तुमचा ओटीपी फोनवर सांगायचा नाही, पेमेंट मंजूर करायचं टोकन (बँकेनं दिलेलं छोटं उपकरण) त्यांच्या खणात ठेवायचं नाही, कोऱ्या चेकवर सह्या तर नाहीच नाहीत. या तिन्ही सवयींनी दोन माणसांची मंजुरी एकाच माणसाच्या हातात जाते. नवा पुरवठादार नोंदवताना किंवा जुन्याचा खाते क्रमांक बदलताना, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. बदल कळवणाऱ्या ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, कारण ईमेल खोटा असेल तर नंबरही खोटाच असतो. पगारपत्रक महिन्यातून एकदा नावानिशी वाचा. कोण कामावर आहे आणि कोण सोडून गेलं हे तुम्हाला शॉपफ्लोअरवर दिसतं. क्रेडिट नोटा (गिऱ्हाइकाच्या बिलातली रक्कम कमी करणारे कागद) आणि बुडीत म्हणून सोडलेल्या रकमा तुमच्या सहीशिवाय होऊ देऊ नका.

आणि नियम स्वतःलाही लावा. मालकानं गल्ल्यातून चिठ्ठीशिवाय पैसे उचलायचे, घरचं सामान कंपनीच्या खर्चात टाकायचं, आणि अकाउंटंटनं मात्र पै न् पै जुळवायची, असं चालत नाही. मालकाच्या उचलीत कुणाचीही उचल लपते.

आकड्यांत गती नाही म्हणता, पण तुम्ही रोज आकड्यांवरच निर्णय घेताय, फक्त न बघता. मोठ्या गिऱ्हाइकानं ५ टक्के सूट मागितली की ती किरकोळ वाटते. १०० च्या विक्रीत माल आणि थेट मजुरी जाऊन २५ उरत असतील, तर ५ टक्के सूट दिल्यावर २० च उरतात. पूर्वीइतकेच पैसे हातात यायला २५ टक्के जास्त खोके विकावे लागतील, म्हणजे आणखी कागद, आणखी उधारी, आणखी ओव्हरड्राफ्ट. तसंच बुडालेल्या बिलाचं. १०० ला २५ उरत असतील तर बुडालेले १०० भरून काढायला ४०० ची नवी विक्री लागते. हे गणित हिशेबनिसाला येतं, पण सूट देताना ते टेबलावर नसतात, तुम्ही असता. आणि ओव्हरड्राफ्टसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉकचं पत्रक जात असेल, कर्जाला वैयक्तिक हमी असेल, तर त्याखाली सही तुमची आहे. पत्रकातला स्टॉक आणि गोदामातला स्टॉक जुळला नाही, तर बँक खुलासा तुम्हालाच विचारेल.

राहिला अविश्वासाचा प्रश्न. एका बिलावरून उलटतपासणी घेतलीत तर त्यांना अविश्वास वाटणारच. म्हणून पद्धत जाहीर करा, माणसावर येऊ नका. “विक्री दीडपट झालीय, आता दर सोमवारी रोखीचा तक्ता आणि दर महिन्याच्या पाच तारखेला रेको आपण एकत्र बघायची,” एवढं सांगा. प्रामाणिक अकाउंटंटला याचा त्रास होत नाही. सगळा भार एकट्यावर असण्यापेक्षा त्यांना ते बरंच वाटतं, आणि काही बिनसलं तर संशय आधी त्यांच्यावर येत नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत तुम्हाला निम्मं कळणार नाही. तेव्हा विचारा: ‘मागच्या महिन्यापेक्षा हा आकडा का बदलला?’ उत्तर साध्या भाषेत आणि कागदासह यायला हवं. कागद दर वेळी पुढच्या आठवड्यावर जाऊ लागले, तर मात्र तुमच्या ऑडिटरना नव्हे, दुसऱ्या एखाद्या जाणकाराला दोन दिवस बोलावून मागच्या वर्षभराच्या बँक नोंदी तपासून घ्या.

या कुठल्याच गोष्टीची वाट न बघता आज एक करा. त्या कागदवाल्यांना सांगा, ‘गेल्या बारा महिन्यांचा आमच्या खात्याचा उतारा थेट माझ्या ईमेलवर पाठवा.’ तो आपल्या वहीशेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. मग असाच उतारा आणखी चार मोठ्या पुरवठादारांकडून मागवा. एकाच बिलाचा फरक निघाला तर चूक दुरुस्त करून पैसे द्या आणि उशिराबद्दल दिलगिरी कळवा. दोन-तीन ठिकाणी तोच प्रकार दिसला, तर नेटबँकिंगचे अधिकार त्याच दिवशी बदला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप स्वतःकडे घ्या, आणि मगच पुढचं बोलणं करा.